बेट पाहणारे आणि बेटावर राहणारे

प्रवासवर्णन हा मराठी वाचकाच्या विशेष जिव्हाळ्याचा वाङ्मयप्रकार आहे. फराळाचे ताट बाजूला सारून दिवाळी अंक हाती घेतला, की पुष्कळांचे बोट कथाकवितांच्याही आधी थांबते ते सचित्र प्रवासलेखावर. घरातल्या आजीपासून शाळकरी नातवापर्यंत सर्वांना वाचता येईल असा हा प्रकार, आणि म्हणूनच त्याच्याविषयी कठोरपणे बोलायला टीकाकार सहसा धजत नाही. ज्याने एवढा आनंद दिला त्याची झडती घ्यायची कशी? पण सर्वांच्या वाचनात येते त्याचेच संस्कार सर्वांवर होतात. एखाद्या अवघड कादंबरीने बिघडायचे ते फार तर शंभर वाचक बिघडतील. प्रवासलेख मात्र एका अख्ख्या समाजाला कसे पाहायचे ते शिकवून ठेवतो.

गेली काही वर्षे या लेखांतून एक बेट पुन्हा पुन्हा भेटते. ते बेट म्हणजे मॉरिशस. मुंबईहून विमानाने सहा-सात तासांच्या अंतरावर असलेले हे बेट आता केवळ धनिकांचे राहिलेले नाही. शहापूर-मुरबाडसारख्या तालुक्याच्या गावांतूनही लग्न झालेली जोडपी तिकडे जातात, आणि परत आल्यावर त्यांची छायाचित्रे आळीभर फिरतात. त्या छायाचित्रांत आणि आमच्या प्रवासलेखांत मला एक विलक्षण साम्य दिसते. दोहोंमध्ये निळा समुद्र आहे, शामारेलची सप्तरंगी माती आहे, गंगातलावाच्या काठी उभी असलेली शंकराची १०८ फुटी मूर्ती आहे. आणि माणूस असलाच तर तो आपलाच आहे. बेटावरचा माणूस फार तर कोपऱ्यात, शहाळे सोलून देणारा हात म्हणून आला तर येतो.

प्रवासी तिथे जे वाचून जातो तेच बहुधा पाहून येतो. म्हणून दोष त्या जोडप्यांचा नाही. त्यांच्या हाती ज्यांनी लेख दिले त्यांचा आहे.

या लेखांत एक वाक्य ठरलेले असते. मार्क ट्वेनने म्हणे मॉरिशस पाहून असे उद्गार काढले, की देवाने आधी हे बेट निर्माण केले आणि मग त्याबरहुकूम स्वर्ग घडवला. ट्वेन १८९६ साली हिंदुस्थानचा दौरा संपवून मॉरिशसला उतरला होता हे खरे. पण १८९७ च्या त्याच्या प्रवासग्रंथात ही बढाई त्याने एका स्थानिक गृहस्थाच्या तोंडी घातली आहे, आणि लगेच पुढे असेही सांगितले आहे की दुसरा एक रहिवासी तिला अतिशयोक्ती म्हणतो. मूळ जागी हा विनोद आहे. आपल्या गावाची फुशारकी मारणाऱ्या माणसाकडे पाहून केलेले मिस्कील हास्य आहे. जाहिरातवाल्यांनी पहिला नागरिक घेतला आणि दुसऱ्याला गाळले. मला तो दुसरा नागरिक फार महत्त्वाचा वाटतो. तो त्या बेटावर राहतो. तिथले वादळ, तिथली मजुरी, तिथले भाडे त्याला ठाऊक आहे. आमच्या प्रवासलेखांत सर्वांत आधी हकालपट्टी होते ती त्याची.

हे दुखणे काही आजचे नाही. बर्नार्दँ द सँ-पिएर हा फ्रेंच लेखक १७६८ ते १७७० या काळात तिथे इंजिनियर म्हणून होता. परत गेल्यावर १७७३ मध्ये त्याने जे प्रवासवर्णन प्रसिद्ध केले त्यात गुलामांच्या छळाची हकिकत त्याने संतापाने लिहिली आहे. त्याच लेखकाने १७८८ मध्ये त्याच बेटावर 'पोल ए व्हिर्जिनी' ही करुणरम्य प्रेमकथा लिहिली. त्या कथेतही मालकाच्या जाचाने पळालेली एक गुलाम स्त्री येते. पण वाचकांनी लक्षात ठेवली ती केळी-नारळींच्या सावलीतली दोन निष्पाप मुले. कथा युरोपभर गाजली, प्रवासवर्णन मागे पडले. रम्यतेला नेहमी मोठा वाचकवर्ग लाभतो. त्याबद्दल रम्यतेला दोष देऊ नये; पण एकाच लेखकाची दोन पुस्तके असताना आपण कोणते विसरलो, याची आठवण कोणीतरी ठेवली पाहिजे.

आता आपल्या मराठी लेखांकडे वळू. त्यांत रम्यतेच्या जोडीला आणखी एक खास आपला रस असतो. त्याला मी आरशाचा रस म्हणतो. 'अहो, इथेही गणपती बसतो!' 'इथेही मराठी शिकवतात!' 'इथे साबुदाण्याची खिचडी मिळाली!' परक्या मुलखात आपल्या खुणा सापडल्या की मन हरखते, हे स्वाभाविक आहे. मॉरिशसमध्ये तशा खुणा आहेतही. गणेशचतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचे अध्यापन होते. कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' होऊन गणपतीपुढे नाचते. पण आरसा पाहणाऱ्याचे डोळे आरशातल्या स्वतःवरच खिळतात. त्या मराठी माणसाची घरातली भाषा बहुधा क्रिओल असते, वर्तमानपत्र तो फ्रेंच वाचतो, सरकारी कागद इंग्रजीत भरतो, आणि मराठी ही त्याने देवापुढची आणि शाळेतली भाषा म्हणून जाणूनबुजून सांभाळलेली असते. आमचा लेखक त्याचे उच्चार ऐकून गालात हसतो, किंवा डोळ्यांत पाणी आणून त्याला 'आपलाच' म्हणून टाकतो. दोन्ही प्रतिक्रियांत त्या माणसाच्या मॉरिशसपणाला जागा नाही. त्याच्या सहा-सात पिढ्यांची हाडे ज्या मातीत आहेत ती माती कोकणची नाही, हे विसरून कसे चालेल?

आणि त्याचे पूर्वज तिथे गेले कसे, हा प्रश्न तर बहुतेक लेखांत एका ओळीत उरकला जातो. वास्तविक खरा प्रवास तोच.

डचांनी १५९८ मध्ये बेटाला नाव दिले आणि १७१० मध्ये ते सोडले. १७१५ मध्ये फ्रेंच आले, १८१० मध्ये इंग्रज. मादागास्कर आणि मोझांबिकच्या बाजूने पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर उसाचे मळे उभे राहिले. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपली; पण मळेवाल्यांनी त्याआधीच दुसरी सोय पाहून ठेवली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाजातून हिंदुस्थानातले ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. कराराचे, म्हणजे गिरमिटाचे, हे पहिले पाऊल. पुढच्या सुमारे ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून तिथे गेली. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडचे आपले लोक होते. एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांची मजुरी कापावी, असा तिथला जमाखर्च. मळ्याबाहेर फिरायला परवाना हवा, आणि पुढेपुढे त्या परवान्यावर छायाचित्रही हवे. ती छायाचित्रे आणि नोंदवह्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत: नाव, बापाचे नाव, गाव, जहाज आणि एक नंबर. कारकुनाने कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले, आणि बापाचे नाव हेच पुढे कित्येक घराण्यांचे आडनाव होऊन बसले. जगन्नाथाचा 'जगनॉथ' झाला आणि त्या आडनावाची माणसे पुढे पंतप्रधान झाली.

प्रवासाचे दोन प्रकार आहेत: हौसेचा आणि निकडीचा. मराठी प्रवासवाङ्मयाचा थोर पूर्वज जो गोडसे भटजींचा 'माझा प्रवास', तो निकडीचा प्रवास आहे. पेणजवळच्या वरसईचा हा ब्राह्मण घरचे कर्ज फिटावे म्हणून दक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या धामधुमीत सापडला. १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्यांनी प्रसिद्ध केलेल्या त्या पुस्तकाची गोडी कशात आहे? कोणी जेवू घातले, कोणी लुबाडले, कुठे निजायला मिळाले, याची गरजवंताला असलेली पक्की आठवण त्यात आहे. पोटासाठी फिरणारा माणूस जगाकडे फार बारकाईने पाहतो. गिरमिटियाही तसाच निकडीचा प्रवासी होता. पण बहुधा त्याला अक्षर येत नव्हते, आणि त्याच्या नशिबी वैद्यांसारखा संपादकही नव्हता. म्हणून त्याचे 'माझा प्रवास' लिहायचे राहून गेले. हौसेचा प्रवासी आज ज्या किनाऱ्यावर उतरतो, तिथे या न लिहिलेल्या पुस्तकाची पाने पडलेली आहेत. ती त्याच्या पायाला लागतात की नाही, हीच त्याच्या लेखनाची परीक्षा.

ती पाने गोळा करण्याचे काम कादंबरीकारांनी केले. मॉरिशसचेच हिंदी लेखक अभिमन्यू अनत यांची 'लाल पसीना' ही कादंबरी १९७७ मध्ये आली. उसाच्या मळ्यातला मजूर तिच्यात दयेचा विषय म्हणून येत नाही. तो विचार करतो, भितो, चिडतो आणि उभा राहतो. अमिताव घोष यांनी २००८ च्या 'सी ऑफ पॉपीज' मध्ये त्याला घेऊन निघालेले जहाजच उभे केले. उलट व्ही. एस. नायपॉल हे स्वतः गिरमिटियांचे वंशज. पण मॉरिशसवरच्या निबंधात, १९७२ च्या त्यांच्या संग्रहाला ज्याने नाव दिले त्या निबंधात, त्यांना तिथे दिसली ती गर्दी, बेकारी आणि गुलाम कोंडून ठेवायचा जणू एक वाडा. जाहिरातीला बेट स्वर्ग दिसले, नायपॉलना तुरुंग. नायपॉलांची नजर तीक्ष्ण आहे, त्यांचे दुःख खोटे नाही. परंतु तिथली माणसे उद्या काय करतील हे ऐकून घेण्याइतका धीर त्या निबंधाला नाही. त्या माणसांनी पुढे साखरेच्या जोडीला कापड-गिरण्या उभ्या केल्या, मुलांना शाळांत घातले आणि देश चालवून दाखवला. स्वर्ग आणि तुरुंग या दोन्ही उपमा बाहेरून आलेल्याच्या. आत राहणाऱ्याला दोन्हींचा उपयोग नाही.

'सगळे धर्म तिथे गुण्यागोविंदाने नांदतात' हे आमच्या लेखांतले आणखी एक हमखास वाक्य. ते खोटे नाही, पण फुकटात मिळालेलेही नाही. संसदेत अल्पसंख्य समाजांना जागा मिळावी म्हणून निवडणुकीत हरलेल्यांतून आठ जणांपर्यंत माणसे घेण्याची तिथे तरतूद आहे. म्हणजे सलोख्याचाही हिशेब मांडावा लागतो. १९९९ च्या फेब्रुवारीत काया हा लोकप्रिय क्रिओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेटावर काही दिवस दंगली पेटल्या. त्यानंतरही माणसे शेजारीशेजारी राहिली, हे मला गुण्यागोविंदापेक्षा मोठे वाटते. आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये खडकावर चढलेल्या 'वाकाशियो' जहाजातून तेल गळू लागले, तेव्हा त्याच लोकांनी उसाचे पाचट भरून लांबच लांब बांध शिवले आणि समुद्रात सोडले. ज्या उसासाठी त्यांचे पूर्वज आणले गेले त्याच उसाच्या पाचटाने त्यांनी आपला किनारा राखायचा प्रयत्न केला. प्रवासलेखकाला यापेक्षा चांगला विषय कोणता हवा?

तिथल्या मिश्र संस्कृतीची चव घ्यायची तर ती हॉटेलातल्या कार्यक्रमात सापडणार नाही; रस्त्यावर सापडेल. वाटाण्याची पिवळी डाळ भरून केलेली 'ढोल-पुरी' तिथे हिंदू, मुसलमान, चिनी, क्रिओल सगळे उभ्याउभ्या खातात. आपल्या डाळवड्यासारख्या तळलेल्या जिनसाला तिथे 'गातो पिमाँ' असे फ्रेंच नाव आहे आणि सकाळी तो लोणी लावलेल्या पावात घालून खातात. ही सरमिसळ कोणी समारंभपूर्वक केलेली नाही. एकाच मळ्यावर, एकाच दुकानातून उधारीवर धान्य आणणाऱ्या माणसांनी ती गरजेपोटी केली. क्रिओल भाषाही अशीच जन्मली: गुलामाला मालकाशी आणि दुसऱ्या गुलामाशी बोलायचे होते म्हणून. आज ती सगळ्या बेटाची भाषा आहे.

इथे कोणी विचारील, की मराठीत याहून चांगले बेट-वर्णन झालेच नाही का? झाले आहे. पु. ल. देशपांड्यांच्या १९६३ च्या 'पूर्वरंगा'तली बालीची पाने आजही ताजी आहेत. कारण पु. ल. तिथे कान घेऊन गेले. वादन आणि नृत्य यांकडे त्यांनी देखावा म्हणून पाहिले नाही. स्वतः पेटीवर बोटे फिरवणारा माणूस दुसऱ्या कलावंताला जसा ऐकतो तसे ऐकले. पाहुण्याने यजमानाकडून काही शिकायचे असते, ही नम्रता त्या पानांत आहे. तरीही एक मर्यादा सांगितली पाहिजे. ज्या १९६३ मध्ये पुस्तक आले त्याच वर्षी आगुंग ज्वालामुखी फुटून बालीत हजाराहून अधिक माणसे मेली, आणि १९६५-६६ मध्ये त्याच कलावंतांच्या बेटावर राजकीय कत्तलीत हजारोंचा बळी गेला. पु. लं.नी हे भविष्य वर्तवायला हवे होते असे कोणताही शहाणा म्हणणार नाही. पण जमिनीच्या आणि पक्षांच्या ज्या भांडणांनी ही गावे दुभंगली, ती नृत्याच्या मांडवात ऐकू येत नव्हती. कलेचा कान लावून ऐकणारालाही जे ऐकू येत नाही, असे काही प्रत्येक बेटावर असते.

हे सारे मला एवढे का टोचते, याचे कारण माझ्या राहण्याच्या जागेत आहे. आम्ही शहापूर-मुरबाडकडचे लोक स्वतःच दुसऱ्यांच्या सुट्टीचे ठिकाण आहोत. पावसाळा लागला की माळशेजचा घाट, माहुलीचा किल्ला, तानसा-भातसाचे पाणी पाहायला मुंबईकरांच्या गाड्या येतात, आणि मग 'निसर्गाच्या कुशीत' या नावाचे लेख येतात. त्यांत धुके असते, धबधबे असतात; गाव नसते. तानशाचे पाणी १८९२ पासून मुंबईची तहान भागवते आहे आणि भातसाचेही जाते. पण त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते, हे त्या लेखांत येत नाही. धबधब्याच्या छायाचित्रात हंडा घेतलेली ठाकरीण आली तर चित्राला शोभा आली म्हणतात. आपल्याविषयीचे असे लेख वाचताना आम्हाला जे वाटते, तेच पोर्ट लुईतल्या एखाद्या मराठी माणसाला आमचे मॉरिशसवरचे लेख वाचून वाटत असणार.

शिवाय अनेक वंशांची, अनेक बोलींची माणसे एकत्र पाहायला समुद्र ओलांडायलाच हवा असेही नाही. मुरबाडच्या बाजारात आगरी, कुणबी, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या बोलण्याची ठेवणसुद्धा निरनिराळी ऐकू येते. म्हशाच्या यात्रेत हे सगळे एकत्र दिसतात. वैशाखऱ्यावरून चढणारा नाणेघाट हा दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा-कल्याणच्या बंदरांतून जुन्नरला जाणारा व्यापारी रस्ता. सातवाहनांचे शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आजही तिथे आहेत. म्हणजे परदेशी माल आणि परकी माणसे ही आमच्या घाटाला नवी नाहीत.

आपल्याच जिल्ह्यात केलेल्या प्रवासाचे एक थोर पुस्तक मराठीत आहे. फक्त त्याला आपण प्रवासवर्णन म्हणत नाही. गोदावरी परुळेकरांचे १९७० चे 'जेव्हा माणूस जागा होतो'. १९४५ पासून त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या वारली पाड्यांतून पायी हिंडल्या. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी जन्मभर सावकाराच्या घरी राबणाऱ्या 'लग्नगड्या'ची कहाणी त्यांनी लिहिली. बाहेरून आलेल्या बाईवर आतल्या माणसाने विश्वास का ठेवावा, हा प्रश्न त्या पुस्तकात पानोपानी जागा आहे. हा प्रश्न ज्या प्रवासलेखकाला पडत नाही, त्याच्या हाती आयुष्यभर छायाचित्रेच लागतात.

वेठबिगारी कायद्याने १९७६ मध्ये बंद झाली. पण दिवाळी संपली, की आमच्याकडून दोन प्रकारचे प्रवासी निघतात. काही घरांतली माणसे सहलीच्या बॅगा भरतात. आणि पाड्यांवरची कातकरी कुटुंबे, बयाणा म्हणून आगाऊ घेतलेली रक्कम फेडायला, पोरांबाळांसह भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. मुलांची शाळा मधेच सुटते. गिरमिटाचा मजूर आणि भट्टीवरचा मजूर एकच आहेत असे मी म्हणत नाही. काळ आणि कायदा वेगळा आहे. परंतु आगाऊ पैसा, दूरची मजुरी आणि न लिहिला गेलेला प्रवास या तीन गोष्टी दोघांच्याही वाट्याला आल्या आहेत. आपल्या दारावरून जाणारा हा निकडीचा प्रवासी ज्याला दिसला, त्याला पोर्ट लुईच्या बंदरावरचा मजूर ओळखू येण्यास वेळ लागणार नाही.

मॉरिशसला जाऊ नये असे मी मुळीच सुचवीत नाही. अवश्य जावे, मुलांना घेऊन जावे, समुद्रात मनसोक्त डुंबावे. सुट्टी ही पापाची गोष्ट नव्हे. कष्टकऱ्याने सुट्टी घेणे तर पुण्यच. मात्र एक सकाळ आप्रवासी घाटासाठी राखून ठेवावी. पोर्ट लुईच्या धक्क्यावरची ही वास्तू २००६ पासून जागतिक वारसा म्हणून नोंदलेली आहे. ज्या दगडी पायऱ्या चढून मजूर आत गेले त्या तिथे आहेत. देखावा म्हणून तिथे फारसे काही नाही, म्हणून सहलीच्या गाडीला तिथे थांबायची घाई नसते. मुलांना तिथे न्यावे आणि आपल्या माणसांनी इथे पहिले पाऊल ठेवले एवढेच सांगावे. मग दुपारी ढोल-पुरी खावी, आणि ती विकणाऱ्याशी दोन शब्द बोलावे.

आणि ज्यांना परत येऊन दिवाळी अंकासाठी लेख लिहायचा आहे, त्यांच्याकडे माझे मागणे एवढेच: तो लेख तिथल्या एका माणसाला वाचून दाखवता येईल असा लिहा. त्याने ऐकून 'हे आमचे बेट खरे' म्हटले तर लेख उतरला समजा. त्याने 'ही अतिशयोक्ती आहे' म्हटले, तर तेही वाक्य लेखात ठेवा.